काहीच केलेलं नाही असं दिसावं म्हणून

२०२३ च्या ऑक्टोबरातला रविवार. अमेरिकेतल्या ब्लू रिज पार्कवे या डोंगरमाथ्यावरच्या रस्त्यावर, ग्रँडफादर माउंटनच्या कुशीत, लिन कोव्हच्या पुलाजवळच्या एका ओव्हरलुकवर, म्हणजे थांबून दरी पाहायच्या जागी, गाड्यांना उभं राहायला जागा नव्हती. शार्लटहून आलेलं एक मराठी कुटुंब दगडी कठड्याशी उभं होतं. बॉनेटवर डबा उघडलेला, मेथीच्या पराठ्यांचा वास थंड हवेत पसरलेला. कानांवरून मफलर गुंडाळलेले आजोबा समोरच्या तांबड्या-पिवळ्या उतारावरची नजर न हलवता सुनेला म्हणाले, "बघ गं, इथं कुणी काही केलेलंच नाही. देवानं दिलं तसं ठेवलंय." सून "हो ना बाबा" म्हणाली, डबा बंद झाला, गाडी निघून गेली. ते वाक्य मात्र त्या कठड्यावरच राहिलं, आणि कित्येक दिवस खटकत राहिलं. आजोबा चुकले म्हणून नव्हे. हा रस्ता ज्यांनी आखला, त्यांना नव्वद वर्षांपूर्वी नेमकं हेच वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं म्हणून. त्यासाठी त्यांनी जमिनी घेतल्या, घरं हलवली, डोंगर कापला आणि कापल्याची खूण पुसली.

आपल्याकडे डोंगरातला रस्ता म्हणजे घाट. देशावरून कोकणात उतरायचं किंवा कोकणातून वर यायचं, मध्ये सह्याद्री आडवा आलेला, म्हणून घाट. तो डोंगर ओलांडतो. त्याला पलीकडच्या बाजारपेठेची किंवा बंदराची ओढ असते, आणि वळणं असतात ती नाइलाजाची. ब्लू रिज पार्कवे ओलांडत काहीच नाही. तो डोंगराच्या पाठीच्या कण्यावरून ४६९ मैल, म्हणजे सुमारे ७५५ किलोमीटर, नुसता चालत राहतो. व्हर्जिनियातल्या शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी शून्याचा मैलखांब आणि उत्तर कॅरोलिनात चेरोकी गावाजवळ, ग्रेट स्मोकी माउंटन्सच्या पायाशी शेवट. वाटेत जेम्स नदीपाशी ६४९ फुटांवर उतरतो आणि रिचलंड बालसमला ६,०५३ फुटांवर चढतो. उंचीत एवढा फरक असल्यामुळेच पानांचा रंग इथे दोन-चार दिवसांत संपत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला माथ्यावर पेटतो आणि महिनाभर उताराउतारानं खाली सरकत येतो. वेगमर्यादा ताशी ४५ मैल, कुठे कुठे त्याहून कमी. मालट्रकना बंदी. पेट्रोलपंप एकही नाही, त्यासाठी खाली गावात उतरावं लागतं. जाहिरातीचा एकही फलक नाही. कुठे पोहोचायची घाई असलेल्या माणसाला या रस्त्याचा काडीचा उपयोग नाही.

हा रस्ता मंदीतून जन्मला. १९३३ साली रोजगार हवा होता, आणि दोन नव्या उद्यानांना जोडणारा डोंगरमाथ्याचा रस्ता ही हजारो हातांना काम देणारी कल्पना होती. व्हर्जिनियातून तो जाणार हे ठरलेलं होतं, पण पुढे टेनेसीतून न्यायचा की उत्तर कॅरोलिनातून, यावर दोन राज्यांत जुंपली. उत्तर कॅरोलिनाच्या रस्ते खात्यातला गेटी ब्राउनिंग नावाचा अभियंता आपल्या बाजूचे डोंगर पायी पालथे घालून आला होता. कुठली खिंड कुठल्या सोंडेला मिळते ते त्याला पाठ होतं. केंद्राच्या समितीनं कौल टेनेसीच्या बाजूनं दिला, तरी अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री हॅरल्ड इकीस यांनी १९३४ च्या नोव्हेंबरात उत्तर कॅरोलिनाचा मार्ग निवडला. ११ सप्टेंबर १९३५ ला राज्याच्या सीमेवर, कंबरलंड नॉबजवळ, पहिल्या साडेबारा मैलांचं काम सुरू झालं. अंगमेहनतीच्या कामाला तासाला ३० सेंट मिळत. ज्या खोऱ्यांत रोख पैसा दिसणंच बंद झालं होतं, तिथे ते ३० सेंट ही लहान गोष्ट नव्हती.

आखणीची सूत्रं स्टॅन्ली अ‍ॅबटच्या हाती आली तेव्हा तो पंचविशीत होता. कॉर्नेलमध्ये लँडस्केप आर्किटेक्चर शिकलेला, न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टर काउंटीच्या पार्कवेंवर तयार झालेला. तिथे १९२५ मध्ये पुरा झालेला ब्रॉन्क्स रिव्हर पार्कवे हा या सगळ्या घराण्याचा मूळपुरुष. घाण झालेली नदी साफ करता करता तिच्या काठाकाठानं बागेतून जाणारा रस्ता काढला होता. पण तो शहराचा रस्ता, पंधरा-वीस मैलांचा. अ‍ॅबटपुढे पावणेपाचशे मैल होते आणि धड नकाशेही नव्हते. त्यानं एक गोष्ट लवकर ओळखली. माणसाला सतत डोंगरमाथ्यावर ठेवलं तर तासाभरात त्याचे डोळे मरतात. म्हणून रस्ता माथ्यावरून मुद्दाम खाली येतो, ओढ्याकाठी शिरतो, शेताच्या बांधाला लागून जातो, दाट झाडीत अंधारतो आणि मग एका वळणावर एकदम सगळं खोरं उघडं करतो. सिनेमाचा कॅमेरामन जसा एकच विषय वेगवेगळ्या कोनांतून टिपतो तसं हे काम आहे, अशी उपमा त्यानं स्वतःच दिली होती. मध्ये मध्ये मोठ्या मोकळ्या जागा, माळेतल्या मण्यांसारख्या.

गाडी चालवणाऱ्याला हे कळत नाही. हातांना मात्र कळतं. साध्या रस्त्यावर सरळ पट्टी संपते आणि वर्तुळाचा तुकडा सुरू होतो. त्या सांध्यावर चालकाला स्टिअरिंग एका झटक्यात फिरवावं लागतं, मागे बसलेल्याच्या पोटात ढवळतं. पार्कवेवर सरळ भाग आणि वर्तुळ यांच्या मध्ये सर्पिल तुकडा घातलेला असतो. त्याची वक्रता शून्यापासून सुरू होते आणि फूटफूट वाढत जाते. त्याच तुकड्यात रस्त्याची बाहेरची कड हळूहळू उचलली जाते, म्हणजे पुरतं वळण येईपर्यंत गाडी आपोआप आत कललेली असते. कड आधी उचलली आणि वळण मागून आलं तर गाडी आत घसरल्यासारखी वाटते. वळण आधी आणि कड मागून आली तर बाहेर फेकल्यासारखी. दोन्ही एकाच वेळी, एकाच गतीनं वाढायला हवीत. वळणामागून उलट वळण येतं तिथेही मध्ये सरळ पट्टीचा कंटाळवाणा तुकडा न ठेवता एक सर्पिल दुसऱ्यात विरघळवलं आहे. लोक म्हणतात, हा रस्ता वाहतो. पाण्यानं आपली वाट काढावी तसा तो वाटतो खरा, पण प्रत्येक वळणाचं गणित कुणीतरी कागदावर मांडून मग जमिनीवर खुंट्या ठोकलेल्या आहेत.

खोदाईचंही तसंच. डोंगर कापला की कापाच्या वरच्या काठावर तीक्ष्ण धार राहते. ती तशीच सोडली तर पावसात वरची माती सुटत राहते आणि डोळ्यालाही ती जखम खुपते. म्हणून वरचा काठ गोल करायचा, उतार मूळच्या डोंगरात मिसळून टाकायचा, त्यावर माती पसरून तिथलीच झाडं लावायची: रोडोडेंड्रॉन, माउंटन लॉरेल. डांबराच्या कडेला मातकट पट्टी नाही, हिरवळ आहे. ओढ्यांवरच्या पुलांचं अंग काँक्रीटचं आणि चेहरा दगडाचा. त्या दगडकामावर इटालियन आणि स्पॅनिश गवंड्यांचे हात लागलेले आहेत. एखाद्या कमानीखाली उतरून जवळून पाहावं. दगडांमधली दरज आत खोल खरवडलेली असते, त्यामुळे सिमेंट दिसतच नाही. दिसते ती फक्त सावलीची रेघ. मोठे दगड खाली, लहान वर, आणि खाणीत ते जसे आडवे पडले होते तसेच आडवे बसवलेले. ऊनपाऊस खाल्लेली बाजू बाहेर, ताजी फोडलेली आत. नवा पूल पहिल्याच दिवशी जुना दिसावा म्हणून एवढा खटाटोप. चुना-सिमेंट दगडाच्या तोंडावर लिंपून चकचकीत करणाऱ्या आजच्या ठेकेदारांना एकदा या कमानींखाली आणून उभं करावंसं वाटतं.

पण हे सगळं उभं राहायला आधी जमीन लागते, आणि जमिनीवर माणसं असतात.

ठरलेलं माप असं: मैलामागे १०० एकर जमीन मालकीहक्कानं घ्यायची, आणि शिवाय ५० एकरांवर फक्त दृश्याचा हक्क. शंभर एकर मैलभर पसरले तर पट्टा सव्वाआठशे फूट रुंद होतो. साध्या रस्त्याला याच्या दशांशही लागत नाही. राज्यांनी जमीन घ्यायची आणि केंद्राच्या हवाली करायची, अशी वाटणी होती. उत्तर कॅरोलिनात तर कचेरीच्या भिंतीवर नकाशा लावला की जमीन गेली. भरपाईचं भांडण त्यानंतर. दृश्याचा हक्क हे प्रकरण कागदावर छान होतं, जमिनीवर बिनसलं. शेत तुमचंच, पण झाड तोडायचं नाही, नवं गोठाघर बांधायचं नाही. आपल्याच जमिनीत आपल्याला कुऱ्हाड चालवता येत नाही हे कुठल्या शेतकऱ्याला पटेल? तंटे इतके वाढले की उत्तर कॅरोलिनानं तो मार्ग सोडून मैलामागे १२५ एकर सरळ विकतच घेतले. मग शेतकऱ्याचं उरलेलं वावर रस्त्याच्या अल्याड आणि पल्याड. मध्ये जो गुळगुळीत रस्ता झाला, त्यावर माल घेऊन जायची बंदी, आणि वाटेल तिथून त्यावर चढायलाही मनाई. आयुष्यभर चिखलाच्या वाटेनं गेलेल्या माणसाच्या दारातून पहिला चांगला रस्ता गेला, तो पाहण्यासाठी येणाऱ्या परक्यांचा.

ज्यांच्या हातात काही होतं त्यांना वेगळं मिळालं. लिटल स्वित्झर्लंड या हवा खाण्याच्या ठिकाणाचे मालक हेरियट क्लार्कसन हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. ते लढले आणि त्यांना जास्त भरपाई मिळाली, पट्टाही अरुंद झाला. चेरोकी या मूळनिवासी जमातीनं वेगळ्या बळावर लढा दिला. मूळ आखणी त्यांच्या सोको खोऱ्यातून जाणार होती, आणि डोंगराळ मुलखात खोऱ्याचा सपाट तळ म्हणजे सगळ्यात कसाची जमीन. त्यांनी वर्षानुवर्षं नकार दिला. १९४० मध्ये तडजोड झाली: पार्कवे कड्यावरून गेला आणि खोऱ्यातून राज्यानं सर्वांना वापरता येईल असा साधा रस्ता काढला. त्या शेवटच्या टप्प्यावर एकामागून एक बोगदे लागतात. सबंध रस्त्यावर २६ बोगदे आहेत आणि त्यांतले २५ उत्तर कॅरोलिनात. त्या अंधारातून जाताना दिवे लावावेत, आणि चेरोकींचं नाही म्हणणंही आठवावं.

मेब्री मिलचा फोटो पाहिला नाही असा या भागातला माणूस विरळा. मैलखांब १७६.२. काळवंडलेल्या लाकडाची पाणचक्की, पुढे तळं, तळ्यात तिचं उलटं रूप. एड मेब्रीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बांधली, दळण दळलं, लाकूड कापलं, लोहारकामही केलं. पण त्याचं राहतं घर आज तिथे नाही. ते होतं पांढऱ्या फळ्यांचं, दुमजली, चांगलं नीटनेटकं. कमावत्या कारागिरानं त्या काळी बांधावं तसं. पाहुण्यांच्या मनातल्या डोंगराळ माणसाच्या चित्रात ते बसत नव्हतं, म्हणून ते काढलं गेलं आणि दुसरीकडून ओंडक्यांचं एक खोपट आणून तिथे मांडलं गेलं. चक्की खरी आणि खोपटही खरं, पण त्या दोघांचा शेजार खोटा. तळ्याकाठी उभं राहिलं की तो देखावा मनाला भिडतोच, आणि त्याच वेळी त्या पांढऱ्या घरासाठी जीव चुटपुटतो. स्वतःच्या कष्टानं दुमजली घर बांधलेल्या माणसाला, तो गेल्यावर, गरीब दाखवलं गेलं. या रस्त्यावर प्रेम करायचं तर हेही पदरात घ्यावं लागतं.

कुंपणांचं पाहा. रस्त्याकडेला नागमोडी लाकडी कुंपण दिसतं, खांब नाही, खिळा नाही. उभ्या चिरलेल्या ओंडक्यांच्या फळ्या एकमेकींवर तिरक्या रचायच्या, प्रत्येक कोपऱ्यात दिशा बदलायची, म्हणजे ते स्वतःच्या वजनावर उभं राहतं. खडकाळ जमिनीत खड्डे खणायची गरज पडत नाही. लाकूड आणि जागा मात्र दुप्पट खातं. ही लाकडं अमेरिकन चेस्टनटची. त्या झाडावर बुरशीचा रोग आला आणि काही दशकांत डोंगरच्या डोंगर उभ्या वाळलेल्या खोडांचे झाले. चेस्टनट लवकर कुजत नाही, सरळ चिरतं. मेलेल्या रानाचं लाकूड कुंपणांत गेलं. आता एखादी फळी बदलायची वेळ आली की तसं लाकूड मिळणं मुश्कील, कारण ते झाड आता मोठं होतच नाही.

सगळं झालं तरी एक तुकडा राहिला होता. १९६० चं दशक सरत आलं तेव्हा ७.७ मैल सोडून रस्ता पूर्ण होता, आणि ते ७.७ मैल ग्रँडफादर माउंटनचे होते. डोंगराचे मालक ह्यू मॉर्टन यांनी वरून रस्ता नेऊ दिला नाही. अखेर मधली पातळी ठरली. तिथे उतारावर घराएवढाल्या शिळा एकमेकींवर टेकून पडलेल्या, त्यांच्या फटींत शेवाळ आणि झाडांची मुळं. कापायला गेलं तर सगळा उतारच निसटायचा, भराव टाकायला गेलं तर शिळा गाडल्या जायच्या. म्हणून पूल. पण साध्या पुलालाही आधी खालून कामाचा रस्ता लागतो, परांची लागते, क्रेनला सपाटी लागते. फिग अँड म्युलर या अभियंत्यांनी पूल वरून बांधायचं ठरवलं. १,२४३ फूट लांबी, आठ गाळे, सात खांब, १५३ तुकडे, प्रत्येक सुमारे ५० टनांचा. तुकडे जवळच्या एका बंदिस्त शेडमध्ये ओतले. प्रत्येक नवा तुकडा आधीच्या तुकड्याच्या तोंडाला भिडवूनच ओतायचा, म्हणजे दोन्हींची तोंडं एकमेकांत बिनचूक बसतात. इथे केसभर कोन चुकला तर पुढच्या प्रत्येक तुकड्यात ती चूक वाढत जाते आणि दुसऱ्या टोकाला पूल भलतीकडेच पोहोचतो. त्यात हा पूल इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो, काही ठिकाणी अवघ्या २५० फूट त्रिज्येनं, आणि त्याची कड एका बाजूला १० टक्के उचललेली असते ती पुढे दुसऱ्या बाजूला १० टक्के होते. त्यामुळे १५३ तुकड्यांत सरळ असा एकच, आणि दोन तुकडे सारखे नाहीत.

तुकडा तयार झाला की बांधून झालेल्या पुलावरूनच पुढे आणायचा, टोकाला उभ्या क्रेननं हवेत बाहेर काढायचा, तोंडाला इपॉक्सी ही घट्ट चिकटवण लावायची, आतून पोलादी केबल ओवून ताणायच्या. काँक्रीट दाब सोसतं, ओढ सोसत नाही. ताणलेली केबल त्याला कायम दाबात ठेवते, म्हणून पुढे आधार नसलेलं टोक लटकत राहू शकतं. गाळा लांबला की मध्यावर तात्पुरता टेकू. खांबांचे तुकडेसुद्धा वरूनच खाली सोडले. जमिनीवर झालेलं काम म्हणजे खांबांच्या पायांसाठी छिद्रं पाडणं, बस. इपॉक्सीला ऊब लागते आणि चार हजार फुटांवरच्या थंडीवाऱ्यात ती मिळवणं हाच एक वेगळा झगडा. काँक्रीटमध्ये लोहाचं ऑक्साइड मिसळलं, म्हणजे पुलाचा रंग भोवतालच्या शिळांसारखा येईल. झाडं तोडली ती फक्त पुलाच्या बरोबर खालची. १९८३ मध्ये पूल झाला, जोडरस्ते पुरे होऊन ११ सप्टेंबर १९८७ ला पार्कवे सलग झाला. पहिल्या कुदळीला त्या दिवशी ५२ वर्षं झाली होती.

२०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळाचा पाऊस याच डोंगरांवर कोसळला. उत्तर कॅरोलिनातल्या भागात पन्नासहून जास्त दरडी पडल्या. कुठे वरचा डोंगर रस्त्यावर आला, कुठे रस्ताच खालच्या उतारासह निघून गेला. दुसरी दुखापत वाईट. मलबा उपसता येतो. गेलेला उतार पुन्हा बांधावा लागतो, पायथ्यापासून, आणि पाणी आत साचणार नाही अशी वाट ठेवून. डोंगराच्या पोटातून जाणारा रस्ता हा भरावावर अर्धा आणि कापावर अर्धा टेकलेला असतो. भरावाखाली पाणी मुरलं की तो आधी अर्धचंद्राच्या आकारात चिरतो. नव्वद वर्षांपूर्वी गोल केलेले, झाडं लावलेले ते काठ पुन्हा उघडे पडले, आणि त्यांना पुन्हा निसर्ग वाटेल असं करायचं काम नव्यानं सुरू झालं.

आजोबा ज्या कठड्याला टेकून उभे होते, त्याच्या पलीकडे थोडं वाकून खाली पाहिलं तर बुंधे दिसतात. मनगटाएवढे, काही मांडीएवढे. जमिनीलगत, उताराशी समांतर कापलेले, म्हणजे वरून डोळ्यात येऊ नयेत. ओव्हरलुक तसेच सोडले तर पाच-सात पावसाळ्यांत ट्यूलिप पॉप्लर आणि मेपल दरीसमोर पडदा ओढतात. म्हणून पानं गळाल्यावर उद्यानाची माणसं करवती घेऊन उतरतात, दोराला बांधून घेऊन, आणि दृश्य पुन्हा उघडतात. पैसे कमी पडले की काही ओव्हरलुक मिटून जातात. फलकावर डोंगराचं नाव आणि समोर नुसती झाडी. त्या रविवारी बुंध्यांच्या कडेनं नवे धुमारे फुटले होते, प्रत्येकावर सात-आठ, तांबूस पानांचे, कठड्याच्या उंचीपासून अजून हातभर खाली.